चैत्र-वैशाखातील घरगुती पदार्थ : कैरी, बेल, कोकम आणि स्वच्छ पाणी

जनहितार्थ : कुटुंबांसाठी व आरोग्य केंद्रात येणाऱ्या नागरिकांसाठी

फाल्गुन सरतो, आंब्याचा मोहोर गळून त्या जागी कैऱ्या लोंबू लागतात आणि आपल्या स्वयंपाकघराचा रोख बदलतो. जड, तळकट पदार्थ मागे पडतात. आंबट, पातळ व गार पदार्थांची वाट पाहिली जाते. हे केवळ महाराष्ट्रात घडते असे नाही. बिहारात मेष संक्रांतीला सातूचे पीठ आणि कोवळ्या कैरीची चटणी खातात. ओडिशात त्याच दिवसाला पणा संक्रांत म्हणतात आणि घरोघरी बेलफळाचा पणा करतात. आंध्र, तेलंगण व कर्नाटकात उगादीला कडुनिंबाची फुले, कैरी, नवी चिंच, गूळ, मीठ व तिखट एकत्र करून पचडी करतात. तमिळनाडूत रामनवमीला पानकम व ताक वाटतात. बंगालात निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचे सरबत होते. पाडव्याला आपण कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा व हिंग वाटून खातो, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे व आंबेडाळ करतो. उन्हाळा अंगावर येण्यापूर्वी शरीराला पाणी, थोडे मीठ व ताजे फळ मिळावे, ही सोय या सर्व रीतींत आहे.

ही सोय आपण जपावी, म्हणून हे पत्रक. मात्र घरचा पदार्थ घरचा आहे एवढ्यानेच निर्धोक ठरत नाही. याच महिन्यांत हगवण, उलट्या, कावीळ व विषमज्वराचे रुग्ण आरोग्य केंद्रात येतात. आणि कित्येकदा त्याचे मूळ बाहेरच्या खाण्यात नसून घरच्याच सरबताच्या पाण्यात किंवा सकाळी करून संध्याकाळपर्यंत उघड्यावर राहिलेल्या वाटीत असते. पुढे दिलेल्या कृती साध्या आहेत. त्या करताना कोठे जपावे हेही त्याच ओघात सांगितले आहे.

पन्हे

मध्यम आकाराच्या दोन कैऱ्या घ्याव्यात. देठ कापून त्या थोडा वेळ उलट्या ठेवाव्यात, म्हणजे चीक गळून जाईल. हा चीक ओठांना व गालांना लागला की पुरळ उठते. मुले कैरी थेट दातांनी फोडतात तेव्हा तोंडाभोवती दिसणारे चट्टे बहुधा याचेच असतात. नंतर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात. फळे धुण्यासाठी साबण वापरू नये.

कैऱ्या कुकरमध्ये मऊ शिजवून, निवल्यावर साल व कोय काढून गर मोडून घ्यावा. साधारण एक वाटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम गर निघेल. त्यात ९० ग्रॅम चिरलेला गूळ, चहाचा पाव चमचा मीठ व वेलदोड्याची पूड घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. मग उकळून गार केलेले एक लिटर पाणी मिसळावे. सहा पेले पन्हे होते. उत्तरेकडच्या पद्धतीने करावयाचे असल्यास वेलदोड्याऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड व पुदिना घालावा. त्यात गूळ निम्मा केला तरी चव उतरत नाही, उलट आंबटपणा अधिक खुलतो.

गुळाचे हे माप अनेक गृहिणींना अपुरे वाटेल. घरोघरी चालत आलेले माप गराच्या दीडपट ते दुप्पट गुळाचे आहे, आणि तशा पन्ह्याच्या एका पेल्यात ३० ग्रॅमच्या वर गूळ सहज जातो. बाजारी शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास तेवढीच साखर असते. दोहोंत भेद नाही असे नव्हे. कैरीचा गर, त्यातील तंतू व अन्य पोषक द्रव्ये बाटलीत नसतात. परंतु साखरेच्या हिशेबात शरीर घरचे आणि दारचे असा फरक करीत नाही. गूळ हा साखरेहून निराळा व निर्धोक, ही समजूतही सोडावी. गुळात थोडी खनिजे असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच होय, आणि मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर तो तशीच वाढवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पदार्थांत वरून घातलेली साखर, तसेच मध व फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत. प्रौढ व्यक्तीला ही दुसरी मर्यादा सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा सपाट चमचे इतकी पडते. दोन चमचे साखरेचा चहा दोनदा घेतला की यांतील चार चमचे संपतात. वर दिलेल्या मापाच्या पन्ह्याच्या पेल्यात १५ ग्रॅम गूळ आहे. हिशेब आपणच करून पाहावा. पन्हे ज्या दिवशी घ्यावयाचे त्या दिवशी चहा एकदाच घेणे, किंवा बिनसाखरेचा घेणे, हा सर्वांत सोपा मार्ग.

पन्हे, सार, चटणी असे आंबट पदार्थ तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नयेत. आंबटामुळे धातू उतरतो व पोटात मळमळ, उलट्या होतात. काच, चिनी माती किंवा स्टील चालते. पाणी न मिसळलेला गर शीतकपाटात दोन-तीन दिवस टिकतो. पाणी मिसळलेले पन्हे त्याच दिवशी संपवावे.

आंबेडाळ

चैत्रातील हळदीकुंकवाचा हा मानाचा पदार्थ. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवावी. उन्हाळ्यात ती त्याहून फार वेळ ठेवली तर पाण्यावर फेस येऊ लागतो. तसे झाल्यास ती डाळ वापरू नये. भिजलेली डाळ निथळून दोन हिरव्या मिरच्यांसह जाडसर वाटावी, त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, दोन चमचे ओले खोबरे, चवीपुरते मीठ व चिमूटभर साखर घालून वर मोहरी, हिंग व हळदीची फोडणी द्यावी. कोथिंबीर भुरभुरावी.

कृती एवढीच. पण या पदार्थाविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. डाळ कच्ची असते, वाटताना तिला हात लागतात, ओले खोबरे लवकर नासते, आणि बहुतेक घरी हा पदार्थ दुपारी करून संध्याकाळी सहा-सात वाजता येणाऱ्या सवाष्णींपुढे ठेवला जातो. शिजवलेला वा ओला पदार्थ सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एक तासाहून अधिक नको, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. चैत्रातील दुपार या दुसऱ्या गटात मोडते. कैरीच्या आंबटपणामुळे जंतू वाढत नाहीत, या भरवशावर राहू नये.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही केल्यास उत्तम. पहिला, भिजलेली डाळ निथळून इडलीपात्रात दहा-बारा मिनिटे वाफवावी, निवली की वाटावी. चवीत थोडा फरक पडतो हे खरे, पण डाळ हलकी होते, मुलांना व वृद्धांना पचते. पाहुण्यांत गर्भवती स्त्री असेल तर वाफवलेलीच द्यावी. दुसरा, कैरी व खोबरे पाहुणे येण्याच्या वेळीच मिसळावे, आणि तोवर वाटलेली डाळ शीतकपाटात झाकून ठेवावी.

हा पदार्थ टाळा असे आम्ही मुळीच सांगत नाही. उलट तो अधिक वेळा व्हावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. डाळी-भाज्यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. हरभऱ्याची डाळ आणि न शिजवलेली कैरी यांची ही जोडी त्यामुळे फार योग्य आहे. चहा मात्र याच लोहाला अटकाव करतो. हळदीकुंकवाला डाळीपाठोपाठ चहाचा आग्रह होतो, तो प्रेमाने टाळावा. चहा हवाच असेल तर तासाभराने घ्यावा. ज्यांना लोहाच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी या पदार्थावर विसंबून गोळ्या बंद करू नयेत.

बेलाचे सरबत

पिकलेले बेलफळ फोडून गर चमच्याने काढावा, तो बुडेल इतक्या उकळून गार केलेल्या पाण्यात तासभर भिजत ठेवावा, मग स्वच्छ धुतलेल्या हाताने कुस्करून चाळणीतून गाळावा. गर मिक्सरमध्ये फिरवू नये. बिया भरडल्या जाऊन सरबत कडवट होते. बेल मुळातच गोड असतो, त्याला साखर लागत नाही. चिमूटभर मीठ व जिऱ्याची पूड पुरते. ओडिशाच्या पणात केळे, खोबरे व छेना घालतात. तसा पणा ही जवळजवळ न्याहारीच असते. बेल पोटाला चांगला अशी सार्वत्रिक समजूत आहे. तो अन्न म्हणून अवश्य घ्यावा, पण जुलाब लागलेल्या बालकाला औषध म्हणून बेल देत बसून वेळ दवडू नये.

सातू

शेतावर, बांधकामावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांना केवळ सरबत पुरत नाही. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, ज्याला बिहार-झारखंडात सत्तू म्हणतात, ते दोन मोठे चमचे भरून पेलाभर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे. त्यात मीठ, भाजलेले जिरे, लिंबू, बारीक कांदा व किसलेली कैरी घालावी. ३० ग्रॅम पिठातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, पाणी व मीठही पोटात जाते, चूल पेटवावी लागत नाही. महाराष्ट्रात सातूचे पीठ गहू व डाळे दळून करतात आणि गुळा-दुधात कालवून गोड खातात. उन्हात राबणाऱ्यासाठी मात्र बिहारी खारी पद्धत अधिक सोयीची, असे आमचे मत आहे. पीठ कोरड्या बरणीत ठेवावे व त्यात ओला चमचा घालू नये.

कोकम, तुती, फणस

कोकण, गोवा व कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कोकमाची फळे चैत्र-वैशाखात पिकतात. फळाच्या वाट्यांत साखर भरून उन्हात ठेवून केलेला अर्क रुचकर असतो, पण त्यात साखर फार. त्याऐवजी सात-आठ आमसुले पेलाभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, त्यात आणखी दोन पेले पाणी, जिरे व अगदी थोडा गूळ घालावा. आगळ वापरत असल्यास वरून मीठ घालू नये, कारण आगळ मिठातच केलेले असते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत असावे. लोणची, पापड व ताकातील मीठ यातच मोजावयाचे आहे. सोलकढी नारळाच्या दुधामुळे लवकर नासते. ती जेवणापुरतीच करावी.

तुतीची फळे याच दिवसांत उत्तरेकडील अंगणांत व रस्त्याकडेला पिकतात. धुऊन, ताज्या घरच्या दह्यात घालून द्यावीत, साखर नको. कोवळ्या फणसाची कुयरी उकडून तिची भाजी करावी. पुढे फणस पिकल्यावर आठळ्या फेकू नयेत. उकडून, सोलून मुलांना खाऊ म्हणून द्याव्यात.

अंगणातील व बाजारातील फळ

झाडाखाली पडलेले फळ फुटलेले नसेल तर धुऊन खाण्यास हरकत नाही. पक्ष्यांनी टोचलेले किंवा वटवाघळांनी कुरतडलेले फळ मात्र, तेवढा भाग कापूनही, खाऊ नये. केरळात २०१८ पासून निपाह विषाणूचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत असतो. असे फळ मुलांनी उचलू नये, जनावरांपुढेही टाकू नये. झाडावर औषध फवारले असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत फळ उतरवू नये.

पिकलेला आंबा विकत घेताना आणखी एक दक्षता घ्यावी. कॅल्शियम कार्बाइड, ज्याला बाजारात नुसते ‘मसाला’ म्हणतात, त्याने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. त्या भुकटीत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. फळावर किंवा पेटीत राखेसारखी पूड दिसल्यास ते घेऊ नये व अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. शक्य असेल तेथे हिरवे, पुरते वाढलेले आंबे आणून घरीच गवतात आढी लावावी. चार-सहा दिवस थांबावे लागते, इतकेच.

फळ शक्यतो फळ म्हणूनच खावे, रस काढून नव्हे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीसाठी दररोज सुमारे १०० ग्रॅम फळे व ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे फार नव्हे. एक मध्यम पेरू किंवा फोडींची एक वाटी. हंगामात आपल्या परसात जे पिकते त्यातून हे माप सहज भरते.

पाणी आणि बर्फ

वरील प्रत्येक पेय त्यातील पाण्याइतकेच शुद्ध असते. पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे. माठ रोज धुवावा. त्यात पेला किंवा हात न बुडवता लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, आणि ते माठाच्या झाकणावर उघडे न ठेवता अडकवून ठेवावे. गाडीवरचा लादीचा बर्फ सरबतात घालू नये. तो बहुधा मासळी व दूध गार ठेवण्यासाठी केलेला असतो, पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. घरच्या शीतकपाटात उकळलेल्या पाण्याचा बर्फ करता येतो, पण खरे सांगावयाचे तर माठातल्या पाण्याच्या पन्ह्याला बर्फाची गरज भासत नाही.

कोणी काय टाळावे

सहा महिन्यांच्या आतील बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी, पन्हे वा फळाचा रस देऊ नये. आईने मात्र भरपूर पाणी प्यावे व बाळाला अधिक वेळा अंगावर घ्यावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पाणी, फळे व नारळपाणी यांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते; ऋतू बदलला म्हणून ते स्वतःहून वाढवू नये. मधुमेही व्यक्तींनी खारे पन्हे, ताक किंवा सत्तू घ्यावा. वृद्धांना तहान कमी लागते, म्हणून ‘हवे असेल तेव्हा मागतील’ असे न समजता दर दोन-अडीच तासांनी पेला त्यांच्या हातात द्यावा.

जुलाब झाले किंवा ऊन लागले तर

जुलाब-उलट्यांत सरबत हे जलसंजीवनीला, म्हणजे ओआरएसला, पर्याय होऊ शकत नाही. अति गोड पेयाने जुलाब वाढूही शकतात. ओआरएसचे पाकीट आशाताईंकडे, उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ते पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे व २४ तासांत वापरावे. पाकीट हाती येईपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. मीठ मोजूनच घ्यावे, अंदाजाने नको. बालकाला आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात, आणि स्तनपान व नेहमीचे जेवण थांबवू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये.

दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात जाणे टाळावे. कोणी उन्हात चक्कर येऊन बसला, पण शुद्धीवर आहे, तर त्याला सावलीत नेऊन ओआरएस, ताक किंवा खारे पन्हे घोट घोट द्यावे. परंतु अंग भाजल्यासारखे तापले असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर गार पाणी शिंपडत राहावे, वारा घालावा, मानेवर, काखेत व जांघेत ओल्या पट्ट्या ठेवाव्यात. अशा व्यक्तीच्या तोंडात पन्हेच काय, पाण्याचा घोटही घालू नये, कारण तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.